सोळा रुग्ण आणि एक कबुली : थायरॉइडचे कार्य जगाला कसे उमगले

#थ्रेड #वैद्यकाचा_इतिहास

१/ ८ जानेवारी १८७४, स्वित्झर्लंडमधील बर्न शहर. अकरा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यावरील मोठी गाठ शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी समूळ काढून टाकली. जखम भरली, मुलगी घरी गेली. त्या काळाच्या मापाने हे निर्भेळ यश होते. नऊ वर्षांनी कोखर यांनी तिला पुन्हा पाहिले, तेव्हा मानवी शरीराविषयीचे एक मोठे सत्य त्यांच्यापुढे उभे राहिले. ते सत्य त्यांच्याच हातून झालेल्या हानीच्या रूपाने आले होते.

२/ ती गाठ म्हणजे गलगंड. गळ्याच्या पुढच्या बाजूस, स्वरयंत्राच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून फुलपाखराच्या आकाराची एक लहान ग्रंथी असते. मराठी वैद्यकीय परिभाषेत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. बोलण्यात थायरॉइड हाच शब्द रूढ झाला आहे. ही ग्रंथी वाढली की गळा फुगतो. फारच वाढली तर श्वासनलिका दाबली जाते आणि माणूस गुदमरतो.

३/ हा विकार फार जुना. सुश्रुतसंहितेत गलगंडाचे वर्णन आढळते. युरोपात आल्प्स पर्वताच्या दऱ्याखोऱ्यांत तो इतका सर्रास होता की काही गावांत सपाट गळ्याचा माणूस विरळा. त्याच खोऱ्यांत आणखी एक दुःख नांदत होते : वाढ खुंटलेली, बुद्धीने मंद, पुष्कळदा मूकबधिर अशी माणसे. या अवस्थेला जडवामनता म्हणतात. गलगंड आणि जडवामनता एकाच प्रदेशात आढळतात हे दिसत होते. त्यांना जोडणारा धागा मात्र दिसत नव्हता.

४/ मुळात ही ग्रंथी करते काय, हेच कोणाला ठाऊक नव्हते. लाळग्रंथीला लाळ वाहून नेणारी नळी असते. थायरॉइडला तशी नळीच नाही. १६५६ मध्ये इंग्रज वैद्य थॉमस व्हार्टन यांनी ढाल या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तिला नाव दिले. तिच्यामुळे गळ्याला, विशेषतः स्त्रियांच्या गळ्याला, सुबक गोलाई येते असेही त्यांनी सुचविले. मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा लोंढा ती आवरते, असे पुढे काहींना वाटले. एकूण समजूत अशी की ती असली काय आणि नसली काय, फारसे बिघडत नाही.

५/ तरीही तिच्यावर सुरी चालवायला शल्यविशारद धजत नसत. या इवल्या ग्रंथीला रक्ताचा पुरवठा विलक्षण भरघोस असतो. एक वाहिनी तुटली तरी रुग्ण मेजावरच दगावे. त्या काळातील अग्रगण्य शल्यविशारद थिओडोर बिलरोथ यांनी झुरिच येथे १८६० च्या दशकात गलगंडाच्या वीस शस्त्रक्रिया केल्या. त्यांपैकी आठ रुग्ण मृत्यू पावले. पुढे कित्येक वर्षे त्यांनी हे काम बाजूला ठेवले.

६/ दरम्यान शल्यक्रियेचे जगच पालटत होते. १८४६ पासून ईथरने भूल देता येऊ लागली. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर यांनी जंतुनाशक पद्धत मांडली. रक्तवाहिनी चिमटून धरणारे सुधारित चिमटे हाती आले. अशा वेळी, १८७२ मध्ये, अवघ्या एकतीस वर्षांचे कोखर बर्न विद्यापीठात शल्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. गलगंडाचे रुग्ण तर त्यांच्या दाराशीच होते.

७/ कोखर यांची पद्धत संथ आणि काटेकोर होती. एकेक रक्तवाहिनी शोधायची, बांधायची, मगच कापायची. आवाजाची मज्जा सांभाळायची. पहिल्या शंभरेक शस्त्रक्रियांत मृत्यूचे प्रमाण सुमारे तेरा टक्के होते. कालांतराने ते एक टक्क्याच्याही खाली आले. ज्या शस्त्रक्रियेचे नाव काढताच शल्यविशारद मागे सरत, ती बर्नमध्ये नित्याची झाली.

८/ पण ग्रंथी किती काढायची? थोडी ठेवली तर गलगंड पुन्हा वाढण्याची भीती. जिचे काहीच काम नाही ती ग्रंथी राखायची तरी कशाला? समूळ काढणे हेच अधिक नीटनेटके आणि अधिक हिताचे, असे तर्काने वाटत होते. त्या तर्काप्रमाणे अनेक रुग्णांची संपूर्ण ग्रंथी काढली गेली, आणि अकरा वर्षांची ती मुलगी त्यांच्यापैकीच एक होती.

९/ इशारा लवकरच मिळाला होता. मुलीला बर्नला पाठविणाऱ्या वैद्याने कळविले की शस्त्रक्रियेनंतर तिचा स्वभाव पार पालटला आहे : पूर्वीची खेळकर मुलगी आता उदास आणि सुस्त झाली आहे, तिला कामाला लावणेही अवघड जाते. तथापि एका मुलीच्या स्वभावातील बदलाचा संबंध गळ्यातून काढलेल्या गाठीशी कोण जोडणार? ती सूचना काही वर्षे तशीच पडून राहिली.

१०/ सप्टेंबर १८८२ मध्ये जिनिव्हा येथे कोखर यांची जाक-लुई रेव्हर्दां या शल्यविशारदाशी गाठ पडली. रेव्हर्दां यांनीही गलगंडाच्या शस्त्रक्रिया केल्या होत्या. ग्रंथी पूर्ण काढलेल्या आपल्या काही रुग्णांत पुढे अशक्तपणा, सूज आणि मंदपणा दिसला, असे त्यांनी सांगितले. कोखर यांना त्या जुन्या पत्राची आठवण झाली असल्यास नवल नाही. बर्नला परतल्यावर त्यांनी आपल्या जुन्या रुग्णांना तपासणीसाठी बोलावणे धाडले.

११/ त्या काळी ही गोष्ट साधी नव्हती. शस्त्रक्रियेचे यश रुग्ण जिवंत घरी गेला की नाही यावर मोजले जाई. वर्षांनंतर त्याचे काय झाले याची नोंद क्वचितच कोणी ठेवी. कोखर यांनी तोवर ज्या रुग्णांची संपूर्ण ग्रंथी काढली होती त्यांची संख्या चौतीस. त्यांपैकी अठरा जणांना पुन्हा तपासता आले, आणि अठरांपैकी सोळा जण आजारी होते.

१२/ सोळा जणांची लक्षणे एकमेकांच्या नकलेसारखी होती. सतत थकवा. उन्हाळ्यातही हातपाय थंड. चेहरा, पापण्या आणि ओठ सुजलेले. त्वचा कोरडी, केस विरळ. रक्त फिके. बोलणे संथ आणि विचार त्याहून संथ. समोरच्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक असूनही ते ओठांपर्यंत यायला वेळ लागे. वाढत्या वयात शस्त्रक्रिया झालेल्या मुलांची तर उंचीच थांबली होती.

१३/ त्या मुलीला एक धाकटी बहीण होती. शस्त्रक्रियेपूर्वी दोघी इतक्या सारख्या दिसत की लोक त्यांची गफलत करीत. १८८३ मध्ये दोघींना शेजारी उभे केले गेले. धाकटी बहीण ऐन तारुण्यात आलेली, उंच आणि प्रसन्न. थोरली मात्र ठेंगणी, सुजलेल्या चेहऱ्याची, दृष्टीत जडपणा असलेली. एकाच घरातील दोन मुली. एकीच्या गळ्यात ती ग्रंथी होती आणि दुसरीच्या नव्हती.

१४/ उरलेले दोन रुग्ण तितकेच बोलके ठरले. संपूर्ण ग्रंथी काढूनही ते बचावले होते, कारण त्यांच्या गळ्यात थायरॉइडचा थोडा अंश मागे राहून पुन्हा वाढला होता. ज्यांची ग्रंथी मुद्दामच अर्धवट काढली होती त्यांची प्रकृतीही चांगली होती. म्हणजे दोष भुलीचा नव्हता, व्रणाचा नव्हता किंवा रुग्णाच्या राहणीचाही नव्हता. ग्रंथीचा अंश गळ्यात असणे किंवा नसणे, एवढाच काय तो फरक होता.

१५/ एप्रिल १८८३ मध्ये बर्लिन येथे जर्मन शल्यविशारदांच्या परिषदेत कोखर यांनी हे सर्व मांडले. त्यांनी या विकाराला एक लॅटिन नाव दिले, ज्याचा आशय ‘गलगंड काढल्याने येणारी क्षीणता’ असा होतो. समव्यावसायिकांनी भरलेल्या सभेत त्यांनी आपल्या यशस्वी शस्त्रक्रियांचा अपाय आकड्यांनिशी सांगितला, आणि साध्या गलगंडासाठी संपूर्ण ग्रंथी काढणे यापुढे गैर ठरविले.

१६/ या कबुलीला काही डागही आहेत. हा विकार आधी कोणी ओळखला यावरून रेव्हर्दां आणि कोखर यांच्यात वाद झाला. आणि कोखर यांचे निरीक्षण अचूक असले तरी स्पष्टीकरण चुकले होते. शस्त्रक्रियेत श्वासनलिकेला इजा होऊन शरीराला प्राणवायू कमी पडत असावा, असे त्यांना वाटले. ग्रंथी स्वतःच रक्तात काही सोडत असेल, ही कल्पना तेव्हाच्या वैद्यकाला अपरिचित होती.

१७/ येथे इतिहासाचा एक उपरोध नोंदविण्याजोगा आहे. बिलरोथ यांच्या रुग्णांना हा विकार कमी होई. त्यांना हातापायांत वेदनादायक वांब येत. दोघांचे काम पाहिलेले अमेरिकी शल्यविशारद विल्यम हाल्स्टेड यांनी त्याचा उलगडा असा केला : बिलरोथ वेगाने कापत, त्यामुळे थायरॉइडचे तुकडे मागे राहत, पण तिच्या मागे दडलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या परावटू ग्रंथी दुखावत. कोखर परावटू ग्रंथी सांभाळत आणि थायरॉइड मात्र कणभरही ठेवत नसत. त्यांच्या निगुतीनेच रुग्णांचा घात केला होता.

१८/ कोडे सुटले ते लंडनमध्ये. तेथे विल्यम गल यांनी १८७३ मध्ये प्रौढ स्त्रियांत येणाऱ्या, जडवामनतेसारख्या दिसणाऱ्या एका अवस्थेचे वर्णन केले होते. विल्यम ऑर्ड यांनी तिला मिक्सिडीमा हे नाव दिले. अशा रुग्णांच्या शवविच्छेदनात थायरॉइड आक्रसलेली आढळली होती. नोव्हेंबर १८८३ मध्ये फेलिक्स सेमॉन यांनी एक धाडसी विधान केले : आल्प्समधील जडवामनता, लंडनमधील मिक्सिडीमा आणि बर्नमधील शस्त्रक्रियोत्तर क्षीणता हे तीन विकार नसून एकच आहे. तिन्हींचे मूळ थायरॉइडच्या अभावात आहे.

१९/ सेमॉन यांचे म्हणणे सहज मान्य झाले नाही. क्लिनिकल सोसायटी ऑफ लंडन या संस्थेने चौकशीसाठी समिती नेमली. व्हिक्टर हॉर्स्ली यांनी माकडांची थायरॉइड काढून पाहिली आणि तशीच लक्षणे उमटली. १८८८ मध्ये समितीचा सविस्तर अहवाल आला व सेमॉन यांचे म्हणणे खरे ठरले. निरुपयोगी समजली गेलेली ग्रंथी आता जीवनावश्यक ठरली होती.

२०/ मग गेलेली ग्रंथी परत देता येईल का? कोखर यांनी जुलै १८८३ मध्येच एका रुग्णाच्या शरीरात थायरॉइडच्या ऊतीचे रोपण करून पाहिले होते. जिनिव्हात मॉरित्झ शिफ यांनी कुत्र्यांवर असेच प्रयोग केले. १८९० मध्ये लिस्बन येथील दोन वैद्यांनी एका रुग्ण स्त्रीच्या त्वचेखाली मेंढीची थायरॉइड बसविली, आणि दुसऱ्याच दिवसापासून तिला आराम वाटू लागला.

२१/ ‘दुसऱ्याच दिवसापासून’ या तपशिलाने न्यूकॅसलचा तरुण वैद्य जॉर्ज मरे विचारात पडला. रोपण केलेल्या ऊतीला नव्या रक्तवाहिन्या फुटायला काही दिवस लागतात. तरीही आराम लगेच पडला, याचा अर्थ ग्रंथीतील रसच शरीरात शोषला गेला असणार. तसे असेल तर रोपणाची गरजच काय? मेंढीच्या थायरॉइडचा अर्क काढून टोचला तरी पुरे.

२२/ १८९१ मध्ये मरे यांनी सेहेचाळीस वर्षांच्या एका स्त्रीवर हा उपचार सुरू केला. काही महिन्यांत तिच्या चेहऱ्याची सूज उतरली, बोलणे मोकळे झाले, केस पुन्हा येऊ लागले. ती आणखी अठ्ठावीस वर्षे जगली आणि १९१९ मध्ये चौऱ्याहत्तराव्या वर्षी वारली. एवढ्या काळात तिला लागलेला अर्क आठशे सत्तरहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथींतून काढला होता. १८९२ मध्येच ही ग्रंथी तोंडावाटे दिली तरी गुण येतो, हेही सिद्ध झाले.

२३/ आज या कोड्याची उकल अशी सांगता येते : थायरॉइड दोन संप्रेरके थेट रक्तात सोडते, म्हणून तिला नळी लागत नाही. ही संप्रेरके जवळजवळ प्रत्येक पेशीला तिच्या कामाची गती ठरवून देतात. ती कमी पडली की शरीराची शेगडी मंदावते. म्हणून थंडी वाजते, नाडी संथ होते, बद्धकोष्ठ होतो, त्वचा कोरडी पडते, मन सुस्तावते. कोखर यांच्या सोळा रुग्णांचे प्रत्येक लक्षण या एका कारणातून निघते.

२४/ प्रौढाचे हे नुकसान औषधाने बहुतांशी भरून येते. बालकाचे तसे नाही. गर्भातील आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांतील मेंदूची घडण याच संप्रेरकांवर अवलंबून असते; ती वेळ टळली की गेलेले परत येत नाही. आल्प्समधील जडवामनतेचे रहस्य हेच. म्हणूनच आज अनेक देशांत नवजात बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन थायरॉइडची तपासणी करतात.

२५/ ग्रंथी अतिरेकी काम करू लागली तर चित्र उलटे होते : वजन घटते, हृदय धडधडते, हात थरथरतात, घाम सुटतो, कधी डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ मध्ये आणि जर्मनीतील कार्ल फॉन बासेडो यांनी १८४० मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. दोन्ही टोके एकाच ग्रंथीची आहेत, हे मात्र कोखर आणि सेमॉन यांच्या पिढीनंतरच स्पष्ट झाले.

२६/ एक प्रश्न उरला : डोंगराळ मुलखातच गळे का फुगतात? १८९५ मध्ये फ्रायबुर्गचे रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान यांना थायरॉइडमध्ये आयोडीन सापडले. १९१४ च्या नाताळच्या दिवशी एडवर्ड केंडल यांनी अमेरिकेत थायरॉक्सिन हे संप्रेरक शुद्ध रूपात वेगळे केले. त्याच्या घडणीतच आयोडीन आहे. ज्या मातीतील आयोडीन हिमनद्यांनी आणि पावसाने धुऊन नेले, तेथील अन्नात ते नसते. मग ग्रंथी मिळेल तो कण टिपण्यासाठी फुगत जाते.

२७/ खेदाची गोष्ट ही की उपाय आधीच हाती आला होता. १८२० मध्ये जिनिव्हाचे वैद्य जाँ-फ्राँस्वा क्वँदे यांनी गलगंडावर आयोडीन दिले आणि गुण आला. पण मात्रा जास्त होई, काहींना अपाय झाला आणि औषध बदनाम झाले. १८५० च्या दशकात फ्रान्सचे आदोल्फ शातँ यांनी आयोडीनच्या अभावाचा सिद्धान्त मांडला. पॅरिसच्या विद्वानांना तो पटला नाही. उपाय माहीत असूनही त्यानंतर दोन-तीन पिढ्या गळ्याच्या गाठी घेऊनच जगल्या.

२८/ १९१७ मध्ये अमेरिकेतील ॲक्रन शहरात डेव्हिड मरीन व ओलिव्हर किंबॉल यांनी शाळकरी मुलींना अल्प मात्रेत आयोडीन देण्यास आरंभ केला. ते घेणाऱ्या २,१९० मुलींपैकी पाच जणींची ग्रंथी वाढली. न घेणाऱ्या २,३०५ पैकी ४९५ जणींची वाढली. १९२२ मध्ये स्वित्झर्लंडने आयोडीनयुक्त मिठाचा मार्ग धरला. कोखर यांनी आयुष्यभर सुरीने ज्या व्याधीशी झुंज दिली, ती चिमूटभर मिठाने हटू लागली.

२९/ हिमालयाच्या पायथ्याशीही हीच व्याधी होती. १९५६ मध्ये, तेव्हा पंजाबात असलेल्या कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी एक मोठा प्रयोग मांडला. खोऱ्याचे तीन विभाग केले. दोहोंना आयोडीनयुक्त मीठ दिले, तिसऱ्याला साधे. शाळकरी मुलांतील गलगंडाचे प्रमाण आरंभी अडतीस टक्क्यांच्या आसपास होते. सहा वर्षांनी पहिल्या दोन विभागांत ते निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले. तिसऱ्यात तसेच राहिले. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाच्या लेखकांत देव आणि करमरकर ही मराठी वाचकांच्या परिचयाची आडनावेही आहेत.

३०/ या पुराव्याच्या बळावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याच वर्षी तिसऱ्या विभागालाही आयोडीन मिळू लागले. तोवर तेथील मुलांनी सहा वर्षे साधेच मीठ खाल्ले होते. देशभर खाण्याच्या मिठात आयोडीन सक्तीचे होण्यास बराच काळ गेला. मधे ती सक्ती उठलीही, आणि २००६ पासून पुन्हा लागू झाली. आज घराघरांतील मिठाच्या पुडीवर जो ‘आयोडीनयुक्त’ शब्द दिसतो, त्यामागे कांगड्याच्या त्या मुलांचाही वाटा आहे.

३१/ १९०९ मध्ये कोखर यांना थायरॉइडवरील कार्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले शल्यविशारद. त्यांचे कौशल्य थोर होते यात शंका नाही. परंतु केवळ कौशल्य असते तर ते समूळ ग्रंथी काढत राहिले असते, जखमा सुबक भरत राहिल्या असत्या आणि रुग्ण दूरच्या खेड्यांत निमूटपणे मंदावत गेले असते. घरी गेलेल्या रुग्णाला पुन्हा बोलावून पाहण्याची तसदी त्यांनी घेतली, आणि जे दिसले ते लपविले नाही.

३२/ त्या मुलीला मात्र या ज्ञानाचा उपयोग झाला नाही. १८८३ मध्ये बहिणीशेजारी उभी राहिली तेव्हा जगात कोणापाशीच तिच्यासाठी औषध नव्हते. न्यूकॅसलमधील पहिली सुई अजून आठ वर्षे दूर होती. आज जगभर कोट्यवधी माणसे रोज सकाळी अनशापोटी थायरॉइडची एक बारीक गोळी घेतात आणि दिवसाच्या कामाला लागतात. त्या गोळीचा इतिहास बर्नच्या त्या दोन बहिणींपासून सुरू होतो.